आतोबांचा संशय

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आतोबांनी, उभ्या आयुष्यात कुणाच्या नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. पाऊस पडतोय म्हटलं तर ते खिडकीतून हात बाहेर काढून बघत, आणि नृसिंहवाडीहून आलेला पेढासुद्धा फोडून, हुंगून मगच तोंडात टाकत. महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात निराधार, आजारी म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम होता. तिथं आतोबा रोग्यांची रोजची हकिगत लिहीत आणि मी औषधं वाटत असे. नर्सबाईंनी 'ताप उतरला' म्हटलं की हे उठून स्वतः कपाळाला हात लावून येत. झोप लागली म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला हलवून विचारत, "खरंच लागली काय?"

कुरुंदवाडच्या एक मुसलमान आजी पोटाच्या दुखण्यानं तिथं होत्या. त्यांना फक्त दुधावर ठेवलेलं. रोज रिकामा पेला बघून 'दूध घेतलं' असं लिहिलं जाई, आणि आजी रोज वाळत चाललेल्या. डॉक्टर औषध जालीम करायच्या विचारात होते. आतोबांनी आधी गवळ्यावर संशय घेतला, मग आचाऱ्यावर, मग माझ्यावर. शेवटी एका दुपारी कपाटाआड उभे राहिले. आजी आपलं दूध शेजारच्या खाटेवरच्या, वाचा गेलेल्या बाईला पाजत होत्या.

"तिला निस्ती पेज देत्यात. तोंडानं मागाय येत न्हाय तिला," आजी म्हणाल्या. "ह्यात काय पाप हाय?"

"पाप-पुण्य लिवायचं काम माझं न्हवं. दूध कुणाच्या पोटात गेलं, तेवढं लिवतो."

त्यांनी लिहिलं. डॉक्टरांनी औषध तेवढंच ठेवलं आणि दोघींनाही दूध सुरू केलं. आजी बऱ्या होऊन कुरुंदवाडला गेल्या.

शेजारची बाई मात्र पुढं थंडीत वारली. नर्सबाई म्हणाल्या, "शांतपणे गेली, असं लिहा."

"जवळ कोण होतं?"

"कुणीच नव्हतं."

आतोबांनी टाक खाली ठेवला. उठून त्या मोकळ्या खाटेपर्यंत जाऊन आले. मग 'जवळ कोणी नव्हते' एवढंच लिहिलं.

त्यानंतर कुणाची अखेर जवळ आली की ते हातातलं काम टाकून उशाशी जाऊन बसत. आत्या जेवायला थांबलेली असे. एकदा ते असेच एका म्हाताऱ्यापाशी बसलेले असताना मी त्यांना घरी चला म्हणालो. त्यांनी त्या म्हाताऱ्याचा हात सोडला नाही.

"तू जा," ते म्हणाले. "मी हाय हितं."