वाळलेलं न्या ना, बाप्पा!

कुंदनकाकांची नक्कल मला सगळ्यात सोपी जाते. नाकात थोडं बोलायचं, शेवटचा शब्द ताणायचा, की झालं: "शेंदूरजनाघाटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहेऽऽ." अमरावतीच्या एसटी स्टँडवर काकांनी उभा जन्म हेच केलं. आता निवृत्त झाले, पण भोंगा काही गळ्यातून निघाला नाही. रविवारी सकाळी ते आम्हा कॉलनीवाल्यांना मागच्या नाल्याकाठी पक्षी दाखवायला नेतात, आणि पक्ष्यांनाही फलाट देतात. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, डाव्या बाजूच्या बाभळीवर कोतवाल लागलेला आहे. तारेवरचा वेडा राघू थोड्याच वेळात सुटेल."

हा झाला माइकवरचा काका. घरचा काका वेगळा. "साखर टाकली का नाई व यात?" असं काकूंना विचारणारा. मला दोन्ही येतात.

मागच्या होळीला पोरांनी नाल्यावरची चांगली हिरवी बाभूळ तोडली, तेव्हा काकांनी कॉलनी डोक्यावर घेतली होती. म्हणून यंदा त्यांनी पोरांना आधीच गाठलं. "ओल्या झाडाले हात लावसान तं याद राखा! वाळलेलं न्या ना, बाप्पा! तो पाय, वळनावरचा कडुनिंब, कवाचा मरून उभा हाय. कोनाचं काई जात नाई अन् कोनाचं काई येत नाई."

पोरांना पटलं. दोर बांधला, ट्रॅक्टर लावला, कडुनिंब कडकड करत आडवा झाला. टाळ्या पडल्या. मी खोडावर चढून काकांच्याच आवाजात "कडुनिंबाची गाडी सुटलेली आहेऽऽ" म्हटलं, पोट्टे लोळून हसले.

झाड पडल्यावर त्याची नाल्याकडची, आम्हाला कधी न दिसलेली बाजू वर आली होती. तिच्यात एक ढोली होती. ढोलीच्या तोंडातून पिवळा ओघळ सालीवर उतरला होता आणि त्याला पांढऱ्या कवचाचा तुकडा चिकटलेला.

शेजारच्या चिंचेवर पिंगळ्यांची, म्हणजे त्या मूठभर घुबडांची, जोडी बसायची. बसतात चिंचेवर म्हणून आम्ही त्यांचं घरही चिंचेवरच धरून चाललो होतो. काकासुद्धा.

काका वाकले. ओघळाकडे बघितलं. मग चपलेनं माती उकरून त्यावर लोटली. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काका, तुमच्यासारखा झाडं वाचवनारा मानूस नाई बा!" काका म्हणाले, "हाव, हाव." एवढंच. आजूबाजूला दुसऱ्या कोणी काही पाहिलं नव्हतं. माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते बंद होतं.

संध्याकाळी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा घालून होळी पेटली. नारळ काकूंनीच वाहिला. काका फाटकातून बाहेर आले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी फिरायला निघालो तेव्हा पळस पेटल्यासारखा फुलला होता, तांबट टुकटुक करून जीव खात होता, आणि काका एकाही पक्ष्याला फलाट देत नव्हते. आमच्यात गजाला मॅडम आहेत, बँकेत कॅशियर. त्यांना पिंगळा बघायचाच आहे आणि तो त्यांना कधीच दिसत नाही.

"काका, आज तरी पिंगळा दाखवा. दरवेळी तुम्ही म्हणता, आत्ता होता, आत्ता गेला. ये तो तुमच्या एसटीसारखंच झालं."

"वळनाकडे नोको आज. चिखल हाय तिकडे."

"मार्च में चिखल?"

माझ्यानं राहवलं नाही. नाकात आवाज काढून मी म्हटलं, "काही तांत्रिक कारणास्तव पिंगळा आज रद्द करण्यात आलेला आहेऽऽ."

सगळे खो खो हसले. काका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि माझं हसू तोंडातच आंबलं.

तेवढ्यात वळणावरून एकच गलका उठला. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, सगळी पाखरं कोणावर तरी तुटून पडली होती. गजाला मॅडम धावल्या, त्यांच्यामागे आम्ही. विजेच्या खांबावर, भर उन्हात, दोन पिंगळे एकमेकांना चिकटून बसले होते. कोतवाल झेप घेऊन टोचत होता. ते डोळे मिचकावत आणखी अंग चोरत होते.

"काका! दाखवलात शेवटी पिंगळा! और इतने खुले में!" मोबाइल वर झाले. टाळ्या वाजल्या.

काकांनी घसा साफ केला. "प्रवाशांनी लक्ष..." एवढं बोलून ते थांबले. पुन्हा बोलले तेव्हा तो घरचा काका होता.

"गजाला, बाई, टाळ्या नोको वाजवू. ते उघड्यावर बसून राहिले ते माह्यामुळं. त्या वाळल्या कडुनिंबात त्याइचं घर होतं. झाड मीच दाखवलं पोट्ट्याइले. अंडं फुटलेलं मले दिसलं, अन् मी त्याच्यावर माती लोटली." मग माझ्याकडे हात केला. "या नितेशलेबी दिसलं. पन मीच बोललो नाई, तं तो काय बोलन?"

खांबाभोवती बुलबुलांचा कालवा चालूच होता.

"मग आता?" गजाला मॅडमनी विचारलं.

"आता मोबाइल खाली, अन् मांगं सरा. आपन पायत राहिलो तं ते हलतबी नाईत."

आम्ही मागे सरलो, पार पळसापर्यंत. थोड्या वेळानं एक पिंगळा खाली झेपावून चिंचेच्या दाटीत शिरला, मागोमाग दुसरा. गलका हळूहळू विरला. गजाला मॅडमनी काढलेला फोटो बघितला, आणि कोणाला न दाखवता मोबाइल पर्समध्ये टाकला.

परतताना त्याच म्हणाल्या, "काका, पण अगली होली को काय? ओलं नाही, वाळलेलंही नाही. जलाओगे क्या?"

काकांनी चालता चालता मागे वळून चिंचेकडे बघितलं.

"घरी माहा दिवान हाय ना, सागाचा," ते म्हणाले. "तसाबी होळीपासून त्याच्यावर झोप येत नाई."