चोराला मारू नका

ते निनावी पत्र मला आजही जसंच्या तसं आठवतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली ठाण्यात जमादार होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने स्वतःची विमान कंपनी काढली होती. मुंबईत विमानांचं काम शिकलेल्या चिखलीच्या एका मेकॅनिकला तिथून बोलावणं आलं. त्याच्या पासपोर्टची चौकशी माझ्याकडे होती, आणि दोन दिवसांत अहवाल द्यायचा होता.

तेवढ्यात हे पत्र आलं. 'त्याने जिनिंग फॅक्टरीतून बेअरिंग चोरली. अटक करू नये, मारू नये. फक्त पासपोर्ट देऊ नये.'

फॅक्टरीचा मॅनेजर म्हणाला, "इथला एक खिळाही गेला नाही." मग मी मेकॅनिकच्या वडिलांना ठाण्यात बोलावलं. ते भाजीपाला पिकवायचे. चहा दिला आणि पत्र पुढे ठेवलं.

"काका, हे तुमचं."

"नाही जी!"

"चोराला मारू नका, असं दुसरं कोण लिहील हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "एकच पोरगा हाय सायब. मास्तरनं नकाशात तो देश दाखोला. मधात सारं पाणीच पाणी! आन् इमानंच सुधरवाची त तिकडं काऊन? इथं एसटी बंद पडून राह्यली चौकात, ते सुधरव म्हना!"

मला हसू आलं. म्हटलं, "काका, मी सातवीत शाळा सोडून रत्नागिरीहून इथे आलो. माझ्या आईला नकाशात बुलढाणा सापडला नव्हता. तरी तिने ट्रंक भरून दिली."

पत्र माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "कागद द्या."

पत्र खोटं असल्याचा जबाब त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मी दोन्ही कागद अहवालाला जोडले. फौजदारसाहेबांनी विचारलं, "खोट्या तक्रारीचा बापावर खटला नको म्हणतोस? वरून विचारणा झाली तर फीत जाईल तुझी, पुन्हा शिपाई होशील." आणि सही केली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

ती कंपनी दोन जुन्या विमानांवर आणि एका पत्र्याच्या शेडवर सुरू झाली होती. पुढे तिची मोठी विमानं युरोपला जाऊ लागली. एका बाजाराच्या दिवशी काका फोटो घेऊन ठाण्यात आले. शेपटीवर त्या देशाचा झेंडा रंगवलेलं विमान, खाली त्यांचा मुलगा आणि त्याने तयार केलेले तिथलेच चार मेकॅनिक.

"पाहा जमादार! आता हे चौघं सही करतात, तवाच इमान उडते. माह्या पोरानं शिकोलं त्याईले."

तक्रारीत आरोप काय आहे हे सगळेच वाचतात. तक्रारदार मागतो काय, हे वाचायला मी त्या पत्रावर शिकलो. मी स्वतः विमानात कधी बसलो नाही. पण आकाशात आवाज आला की मान वर जाते, आणि माझा तो अहवाल आठवतो.