शेवटचं पान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आत्तासुद्धा बसवत नाही – दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी शिरूरला संस्कृत शिकवतो. जुन्या पोथ्यांचे फोटो काढून ठेवायचा नाद आहे. राहू गावच्या आप्पांकडे अशी एक पोथी होती – सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, आवळून दोरी, त्यावर लाल रुमाल. शेतकऱ्याच्या घरात संस्कृत पोथी? गाव म्हणायचं, कुणीतरी विसरून गेलं असेल. आप्पा चिडायचे. "आमच्या खापरपणज्यानं सोताच्या हातानं लिव्हलीय. शेवटल्या पानावर नाव हाय त्याचं. मला वाचाया येत न्हाई, पर वडलांनी बोट ठिवून दावलंय."

ती त्यांनी मला नेऊ दिली. का? मी 'सर' होतो म्हणून.

मला कुठला धीर! वाटेत चहाच्या टपरीवरच पोथी उघडली. शेवटचं पान होतं. नाव होतं. शिवाय जुने लिहिणारे करायचे तशी विनवणी – पोथीला पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून जपा. मी वाचलं, हरखलो, फोटो घरी काढू म्हटलं, आणि घाईत – दोरी सैलच गुंडाळली. रुमालाला गाठही धड मारली नाही.

भीमेच्या पुलावर उसाचा ट्रक शेजारून गेला आणि दुचाकीच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून पानं उडाली. धावून धावून गोळा केली. एक नदीत गेलं. कुठलं, हे वेगळं सांगायला हवं का?

पोथी परत दिली तेव्हा आप्पांनी विचारलं, "नाव घावलं का, सर?"

आणि मी – किती सहज! – म्हणालो, "शेवटचं पान मुळातच नाही, आप्पा."

ते रुमालावरून हात फिरवत राहिले. "मंग माझंच ध्यान चुकलं आसंल. लई ल्हान व्हतो तवा." वर उगाच हेलपाटा पडला म्हणून माझीच माफी मागितली.

पुढं कुणी विचारलं तर "आसंल कुणाची तरी" म्हणायचे. माझ्या एका शब्दावर त्यांनी बापाचं बोट खोटं ठरवलं. मी खरं सांगायला निघायचो – पुलापर्यंत जायचो, माघारी फिरायचो. नोकरी जाणार होती का? नाही. नुसता मान गेला असता. तेवढ्यासाठी गप्प बसलो.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात वारले.

पान होतं, आप्पा. नाव होतं – येसाजींचा मुलगा खंडोजी, मुक्काम राहू.