तिसऱ्या बिजागरीची खाच

नर्सबाईंचं दार अडत होतं. रंग लागल्यावर दारं अडतातच, त्यात नवल काही नव्हतं. उद्या सकाळी पालिकेची तपासणी. त्याआधी एक कड रंध्याने मारून दिली की या घराचं काम हातावेगळं झालं, असं म्हणत तो दुपारी पिशवी खांद्याला लावून निघाला.

लोक त्याला खरवड्या म्हणत. रंगारी गावात पुष्कळ होते, पण खरवड्या एकच. पालिकेने काही जुनी घरं वारसा म्हणून यादीत घातली होती आणि त्यांच्या दुरुस्तीला अनुदान ठेवलं होतं. अट अशी की घर बांधलं तेव्हा बाहेरच्या लाकडाला जो पहिला रंग होता, तोच पुन्हा लागला पाहिजे. तो पहिला रंग शोधायचं काम खरवड्याचं. पातळ पात्याने तो पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा खरवडायचा, एकेक थर पायरीसारखा उघडा ठेवत थेट लाकडापर्यंत. मग त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब, डोळ्याला भिंग, आणि अर्धा तास गप्प बसणं. या गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चहा हवा का विचारलं तरी तो ‘हो’ आणि ‘नको’ यांच्या मधलं काहीतरी पुटपुटायचा, आणि समोरच्याने आपल्या मनाने काय ते ठरवावं.

नर्सबाईंच्या घराचा पहिला रंग त्यानेच सांगितला होता. गर्द हिरवा. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यात लाकूडकाम झालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी वरपासून खालपर्यंत घर हिरवं केलं. दुसरा हप्ता छपराचा. तपासणीत रंग बरोबर ठरला तरच तो मिळणार होता. छपराचे वासे कुजले होते. आणखी एक पावसाळा ते काढणार नाहीत, असं सुतार स्वच्छ सांगून गेला होता. पावसाला दोन महिने होते.

“या, या,” नर्सबाई म्हणाल्या. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. “हे दार उघडता उघडता माझा खांदा निखळायची वेळ आलीये. आणि पिशवी त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय.”

त्याने मान हलवली. पाचर मारून दार पेललं, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, मग खालच्या. दार भिंतीला टेकवलं आणि चौकटीकडे वळला. वळला तो तिथेच थांबला.

दाराला बिजागऱ्या दोन. चौकटीत खाचा तीन.

मधल्या खाचेत लाकडाचा तुकडा ठोकून वर पुट्टी भरलेली होती. त्याने पटाशीच्या टोकाने तुकडा उकरून काढला. खाचेच्या कडेला कित्येक वर्षांत उजेड न पाहिलेला रंग होता, लाकडाला लागून, सगळ्यात खालचा. वीटकरी. त्याने तेलाचा थेंब सोडला. वीटकरीच. हिरव्याचा मागमूस नव्हता.

हे दार या चौकटीचं नव्हतंच. कुठल्यातरी दुसऱ्या घराचं दार इथे आणून बसवलं होतं, आणि त्याने सहा महिन्यांपूर्वी नमुना घेतला होता तो फक्त दाराचा.

एवढंच असतं तर चूक म्हणून सांगता आली असती. पण पालिकेच्या अर्जावर नमुन्यांच्या तीन जागा असतात: खाली, मागे आणि वरच्या मजल्यावर. तिन्ही ठिकाणी त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘हिरवा’. मागे तो गेला नव्हता. तिथे अडगळ होती. आणि वर तो चढलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला होता. फार उंचावरून नाही, सात पायऱ्या. मनगटाला प्लास्टर लागलं, ते दीड महिन्यात निघालं. भीती मात्र निघाली नाही. शिडीला हात लावला की तळपायाला घाम यायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. साठी उलटलेल्या रंगाऱ्याला शिडीची भीती वाटते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हापासून जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथलाच नमुना तो घेत होता आणि बाकीचे रकाने अंदाजाने भरत होता. नर्सबाईंच्या घराआधी अशी चार घरं झाली होती.

“काय हो, झालं का?” आतून आवाज आला.

“हो,” तो म्हणाला. तुकडा खाचेत परत दाबला, दाराची कड रंध्याने मारली, दार बसवलं. आता ते लोण्यासारखं उघडत होतं. नर्सबाईंनी दोनदा उघडून मिटून पाहिलं.

“उद्या त्या मॅडमने सही केली ना, की पहिली मी त्या वरच्या खोलीतल्या बादल्या उचलून फेकणार. पाच आहेत. पाचही ओळखते मी आवाजावरून.” मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “चेहरा का उतरलाय? जेवलात का नीट?”

“जेवलो,” तो म्हणाला आणि निघाला.

घरी तो मागच्या अंगणात जाऊन बसला. भिंतीला शिडी टेकवलेली होती आणि तिच्यावर बायकोने घेवड्याचा वेल चढवला होता. वेल वरच्या पायरीपर्यंत पोचून खाली लोंबत होता. त्याला शेंगाही लागल्या होत्या.

“काय झालंय?” बायको दारात येऊन उभी राहिली.

“काही नाही.”

“बरं. काही नाही तर काही नाही.” ती शेंगा तोडायला लागली. पाच-सहा तोडून झाल्यावर पाठमोरीच म्हणाली, “दोन वर्षं या शिडीवर मी भाजी पिकवतेय. शिडी कुठेय म्हणून एकदाही विचारलं नाहीत तुम्ही. मला काय दिसत नाही होय?”

तेव्हा त्याने सांगितलं. तुटक तुटक, मध्येच पुन्हा मागे जात.

“गप्प बसलात तर कळेल कोणाला?” तिने विचारलं.

“नाही.”

“आणि बोललात तर?”

“बाईंचा हप्ता अडकेल. छप्पर राहील. माझं नाव पालिकेच्या कारागिरांच्या यादीतून जाईल.”

तिने हातातल्या शेंगांकडे पाहिलं. “मग गप्प बसा,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “बसवेल का पण?”

सकाळी तो उठून अंगणात गेला, तर बायको आधीच शिडीजवळ उकिडवी बसून वेलाचे तणावे एकेक करून सोडवत होती. “ओढू नका,” ती म्हणाली. “तुटेल तो. मी सोडवते.”

तो शिडी घेऊन नर्सबाईंच्या दारात पोचला, तेव्हा पालिकेच्या मॅडम आलेल्या होत्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, हातात फाईल आणि रंगाच्या पट्ट्यांचा जुडगा. त्यांनी हिरवी पट्टी दारावर धरली, एकदा वर नजर टाकली आणि हसल्या.

“तंतोतंत. काका, तुमचा अहवाल असला की मला बघावंच लागत नाही. बाकीच्यांकडे मी डोळ्यांत तेल घालून बघते.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “आणि शिडी कशाला आणलीत?”

हे विचारलं नसतं तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. कदाचित त्या सही करून गेल्या असत्या आणि तो शिडी घेऊन घरी आला असता. पेनाचं टोक कागदाला टेकायला आलं.

“थांबा,” तो म्हणाला. आवाज इतका फाटका आला की नर्सबाईंनीही वळून पाहिलं. “सही नका करू. मी वर जाऊन येतो.”

“वर? कशाला?”

उत्तर द्यायला तो थांबला नाही. थांबला असता तर चढला नसता. वरच्या खिडकीखाली त्याने शिडी लावली, पातं खिशात टाकलं आणि जीव मुठीत धरून पाय टाकला. पाचव्या पायरीला तळपाय घामेजले. सातव्या पायरीला डोळ्यांपुढे अंधारलं. तिथेच तो पडला होता, त्या वेळी. त्याने कपाळ शिडीला टेकवलं, मनातल्या मनात थर मोजावेत तसे श्वास मोजले, आणि आठवी पायरी घेतली. मग नववी.

खिडकीच्या झडपेवर त्याने पातं चालवलं. नवा हिरवा. त्याखाली तपकिरी, राखाडी, सायीसारखा पांढरा, पुन्हा तपकिरी. शेवटी लाकडाला चिकटलेला वीटकरी. तेल नव्हतं, म्हणून त्याने बोट जिभेला लावून त्यावर फिरवलं. रंग उजळला. खाली उभं राहूनही तो दिसला असावा, कारण मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“अहवाल खोटा आहे,” तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. “मी वर चढलो नव्हतो. मागेही बघितलं नाही. दार दुसरीकडचं आहे.”

“दार?” नर्सबाई ओरडल्या. “अहो, दार तर माझ्या वडिलांनी जुन्या शाळेच्या लिलावातून आणलं होतं! सगळ्या गल्लीला ठाऊक आहे! एवढं भिंग घेऊन फिरता, एकदा तोंड उघडून मला विचारायला काय झालं होतं?”

आता त्याला खाली उतरता येत नव्हतं. हात शिडीला घट्ट बसले होते. पाय हलेना.

मॅडम घाबरल्या. “कोणालातरी बोलवू का?”

“काही गरज नाही,” नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. आवाज एकदम खाली आला, वॉर्डात रात्रपाळीला असायचा तसा. “ऐका माझं. खाली बघायचं नाही. श्वास सोडा. सोडा आधी. आता डावा पाय खाली. मिळाली पायरी? शाबास. आता उजवा. रागवायचंय मला तुमच्यावर पुष्कळ, पण ते जमिनीवर आल्यावर. डावा.”

तो जमिनीवर आला. नर्सबाईंनी आधी त्याची नाडी पाहिली आणि मग जे रागवायचं ते रागवल्या. त्यातलं बरंचसं खरं होतं.

मॅडमनी फाईल मिटली होती. त्यांचा चेहरा रागावल्यापेक्षा दुखावल्यासारखा होता, आणि तेच त्याला जास्त लागलं. “हप्ता मला सोडता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं नावही यादीत ठेवता येणार नाही, काका. हे मी लिहिणार.”

“लिहा. आधीच्या चार घरांचंही असंच आहे, तेही लिहा.”

“महिनाअखेर फाईल बंद होते. एकोणीस दिवस आहेत. तोवर बाहेरचं सगळं लाकूड योग्य रंगात आलं, तर मी पुन्हा बघेन. या वेळी स्वतः चढून.”

“येईल,” तो म्हणाला.

“ठेकेदाराची माणसं फुकट येणार आहेत का?” नर्सबाई म्हणाल्या.

“मी करतो. एकटा.”

“एकटा! आणि वर चढून अडकलात की?”

नर्सबाईंनी वर छपराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “उद्या सातला या. शिडी मी धरते. पण एक सांगून ठेवते, छप्पर राहिलं तर पावसाळाभर मी तुमच्या घरी येऊन राहीन. पाचही बादल्या घेऊन.”

सतरा दिवस लागले. रोज सकाळी तो आधी खालचं लाकूड घासायचा, मग ऊन भिंतीवरून सरकलं की वर चढायचा. भीती गेली नाही. रोज सातव्या पायरीला ती वाट बघत असायची. खाली नर्सबाई शिडी धरून उभ्या असत आणि सबंध वेळ बोलत असत: कोणत्या पेशंटने कोणत्या डॉक्टरला कसं पळवलं, कोण कसा इंजेक्शनला रडला. एकदा तो वर असतानाच हसला, तेव्हा त्या खेकसल्या, “हलू नका!”

अठराव्या दिवशी मॅडम आल्या. काकांच्या शब्दावर आता त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसावा हेच बरोबर होतं. त्या स्वतः शिडीवर चढल्या, चार जागी स्वतः खरवडलं, पट्टी लावून पाहिली. खाली उतरून त्यांनी एक शब्द न बोलता सही केली. जाताना मात्र दारात थांबल्या. “आधीची चार घरं?”

“जातो,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात नर्सबाईंच्या छपरावर सुतार ठोकत होता, ते दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येत होतं. खरवड्या तिथे त्या चारांपैकी एका घरासमोर खांद्यावर शिडी घेऊन उभा होता. यादीतून नाव गेलेलं, बोलावलं कोणी नव्हतं. त्याने दार वाजवलं. घरातला म्हातारा डोळे चोळत बाहेर आला.

खरवड्याने घसा खाकरला. दोनदा खाकरला.

“तुमचं हे दार,” तो म्हणाला, “पहिल्यापासून इथलंच आहे का?”