मोंबासाला जाणारा लग्नाचा दाखला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. एका लग्नाच्या दाखल्याची चौकशी मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी जव्हार संस्थानात फौजदार होतो.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची बाई कचेरीत आली. सोबत सहा वर्षांची मुलगी. नवरा आफ्रिकेत, मोंबासाच्या गोदीत कामाला. त्याचा करार आणखी पाच वर्षांनी वाढला होता, राहायला खोली मिळाली होती आणि 'पोरीला घेऊन ये' असं त्याने कळवलं होतं. पण बोटीचा पास हवा तर लग्नाचा दाखला हवा, त्यावर दरबारची मोहोर हवी आणि त्याखाली ठाण्याच्या इंग्रज साहेबांची सही हवी. तिकडच्या मुकादमाचं कुटुंब शिमग्यानंतरच्या बोटीने निघणार होतं. त्यांची सोबत चुकली की हिचं जाणं संपलं.

गावच्या पाटलाने दाखला लिहून दिला होता. त्याची चौकशी करून मी अहवाल द्यायचा, मग मोहोर. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम.

मोखाड्याच्या बाजारात एक दुकानदार होता. बाईला नवऱ्याची पत्रं तोच वाचून दाखवायचा. त्याने मला बाजूला घेतलं.

"फौजदारसाहेब, जपून बरं का! दाखल्यात लग्न तीन वर्षांपूर्वीचं, आणि पोरगी सहाची. मला विचाराल तर लग्न झालेलंच नाही. नवरा गेल्यावर कागद रंगवलाय."

मी तापलो. पाटलावर, बाईवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण एवढी साधी वजाबाकी मला सुचली नव्हती. खोटा दाखला म्हणजे गुन्हा. पाटलाची पाटीलकी जाणार, बाई तुरुंगात आणि मोंबासा कायमचं दूर. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिचा जबाब घ्यायला बसलो.

"लग्न कधी झालं?"

"भात झोडून झाला तवा. तीन वर्सां झाली."

"आणि ही मुलगी?"

"ही तवा तीन वर्सांची. लग्नात माझे मांडीवर बसली होती."

शिपाई फिदीफिदी हसला. त्याला मी बाहेर काढलं.

"म्हणजे लग्नाआधी ही झाली?"

"हां. मी त्याचे घरात आले, मंग ही झाली, मंग लगीन केला."

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं. हे वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. डोंगरातली ही माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यात मानअपमान नसतो. "कसली लाज रं? लग्नाला गाव जेवतो. तवा घरात भात नव्हता."

मी दौत झाकली. खोटं बोलणारा माणूस फटी बुजवतो. ही तर स्वतःच उघडून दाखवत होती. लग्न सात वर्षांपूर्वीचं, पाटलाने आकडा चुकवला, एवढं म्हटलं असतं तरी मोकळी झाली असती. मला राहवेना. दोघींना घेऊन मी पाड्यावर गेलो.

त्या लोकांत लग्न भटजी लावत नाही. धवलेरी म्हणून जाणती बाई असते, ती गाणी म्हणून लग्न लावते. इथली धवलेरी दात पडलेली म्हातारी होती.

"हिचा लगीन मीच लावला," ती म्हणाली.

"पण मूल आधी आणि लग्न नंतर, हे कसं?"

म्हातारी खळखळून हसली. "आदी संसार, मंग सवडीनं लगीन. ह्या तुझा पाटील! त्याचा नि त्याचे पोराचा लगीन मी एकाच मांडवात लावला."

पाटील शेजारीच उभा होता. त्याने शांतपणे मान डोलावली.

"पाटील, हे आधी का नाही सांगितलंत?"

"साहेब, कोणी इचारलाच नाय."

रीत कळली, पण कागद मागाहून रंगवल्याचा आरोप उरतच होता. ठाण्याच्या साहेबांपुढे म्हातारीचं हसू चालणार नव्हतं. मी बाईच्या घरात शिरलो. सगळ्या भिंती नुकत्याच सारवलेल्या, एक मात्र धुराने काळवंडलेली. तिच्यावर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक, म्हणजे लग्नाच्या दिवशी काढतात ते चित्र, होता. नवरा येईपर्यंत ती भिंत सारवायची नाही, असं बाईने ठरवलं होतं. चौकाखाली एक इवलासा पांढरा पंजा उमटला होता.

"बाया चौक लिहीत होत्या, तर ही मधी घुसली," म्हातारीने पोरीकडे बोट केलं. "पिठात हात बुडवला नि भिंतीला लावला. पुसाया गेले तं रडली. मंग ऱ्हाऊ दिला."

मी पोरीला त्यावर हात ठेवायला सांगितला. तिची बोटं ठशाच्या पेराभर पुढे गेली. ठसा आणि हात, दोन्ही सुतळीने मापून पंचनाम्यात लिहिले. बाप जाऊन अडीच वर्षं झाली होती आणि ठसा तीन वर्षांच्या हाताचा होता; म्हणजे चौक तो इथे असतानाच लिहिलेला, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

पोरीने हात काढला नाही. तिने मला हळूच विचारलं, "बा मना वळखल का?"



अहवालात मी त्यांची रीत सविस्तर लिहिली. लग्नाचे साक्षीदार म्हणून धवलेरी, पाटील आणि तिसरी साक्षीदार ही मुलगी: 'लग्नसमयी वय तीन, आईच्या मांडीवर.' दरबारच्या कारभाऱ्यांनी ती ओळ खोडायला टाक उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवून दाखल्यावर मोहोर उमटवली. अहवाल इंग्रजी करून दाखल्याला जोडला, ठाण्याहून सही झाली. 'यातली तिसरी साक्षीदार तू,' असं मी पोरीला सांगून ठेवलं आणि शिमग्यानंतर मायलेकी गेल्या.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कचेरीत माणूस अडखळला की आपण त्याच्या उत्तरात खोट शोधतो. खोट पुष्कळदा प्रश्नात असते. पुढे तशी कामं आली की 'लग्न कधी झालं' याच्या आधी मी 'घरात कधी आलीस' हे विचारू लागलो.

पावसाळा सरल्यावर तो दुकानदार स्वतःहून कचेरीत आला. बाईच्या नवऱ्याने कोणाकडून तरी लिहून घेऊन पाड्यावर धाडलेलं पत्र त्याच्या हातात होतं. घसा खाकरून त्याने वाचलं: "बंदरावर मी कठड्यापलीकडं उभा होतो. बायको उतरली, पण तिच्याभोवती मुकादमाच्याही पोरी होत्या, आपली पोर कोणती ते मला कळंना. साहेबानं कागद पाहून दुभाष्याकरवी विचारलं, यातली तिसरी साक्षीदार कोण? तेव्हा एका पोरीनं हात वर केला."