गोमुखी खोली आणि उलटी कळी

मांजर आडवं गेलं तर मी आधी दूध झाकलंय का ते बघते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास एवढाच. शाळेच्या ऑफिसात तेवीस वर्षं नोकरी, प्रत्येक कामाची यादी, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. म्हणून हेही क्रमानं सांगते... जसं घडलं तसं.

आम्ही जालना जिल्ह्यात टेंभुर्णीला राहतो. मागची खोली सासूबाईंची, म्हणजे आईंची. तिथलं कार्पेट पंधरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी — अण्णांनी — स्वतः कोब्यावर चिकटवलेलं. अण्णा टेलर होते, बाजारात दुकान होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, कार्पेट मात्र तसंच राहिलं. या उन्हाळ्यात त्याच्या उचकटलेल्या कडेत पाय अडकून आई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या हसनाबादला नणंदेकडे गेल्या. हाड जुळलं, पण धीर गेला. दोन महिने झाले तरी कुणाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नव्हत्या.

फोनवर म्हणाल्या, "ते कार्पेट हाय तवर मला तिकडं नेऊ नका. अन् आता तारीख पुढं ढकलली तर मी हितंच राहते, बाई."

दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. मी तिसरी दिली — रविवार, सकाळी अकरा.

कार्पेट काढायचं आणि लॅमिनेटच्या फळ्या बसवायच्या, खरखरीत, न घसरणाऱ्या. माणसं घरचीच: मी, हे, मुलगी मृणाल आणि माझे धाकटे दीर. भाऊजी शहागडला ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतात, त्यामुळे कापायचं काम त्यांच्याकडे. फळ्यांची खोकी मी जालन्याहून मोजून आणली होती.

शनिवारी सकाळी सामान बाहेर काढलं. भाऊजींनी टेप लावला, दाराशी एकदा आणि मागच्या भिंतीशी एकदा. मग उकिडवेच बसून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, माप कुठून घेतलं?"

"दाराशी. दहा फूट."

"अन् मागून?"

आमचं घर गोमुखी आहे. पुढे अरुंद, मागे रुंद. लग्न होऊन आले तेव्हापासून येईल त्यानं मला हे कौतुकानं सांगितलंय... आणि मी फक्त दाराशी माप घेतलं. मागची भिंत सोळा इंच जास्त निघाली.

"एवढी लांब यादी लिव्हली, त्यात गोमुखी लिव्हायचं राह्यलं का?"

"तुम्ही आधी फळ्या मोजा," मी म्हटलं. "मला नंतर मोजा."

चार फळ्या कमी पडत होत्या. दुकानात फोन केला — तो रंग संपला, आठ दिवसांनी येईल.

"आजीला फोन करू?" मृणालनं विचारलं.

"नाही. यादीत पुढचं काम कार्पेट काढायचं आहे. ते काढू."

दोघा भावांनी एका कोपऱ्यापासून ओढायला सुरुवात केली. निम्मं कार्पेट उलटलं आणि हे थांबले. खाली कोब्यावर निळ्या रेघा होत्या. टेलरच्या खडूच्या, आत्ताच मारल्यासारख्या स्वच्छ. सरळ भिंतीला समांतर ओळी, त्यांना आडव्या खुणा, आणि तिरक्या भिंतीजवळ लांबट तिरके तुकडे. एका तुकड्यावर "कळी" लिहिलेलं, दुसऱ्यावर "उलटी कळी". पोट फुगलेला पाचाचा आकडा अण्णांचाच.

भाऊजींनी एक फळी रेघांवर ठेवली. रुंदी बरोबर. लांबी बरोबर. दुसरी ठेवली, तीही बरोबर.

"आपला बाप फळ्या बसवून गेल्ता काय रे?"

"बाप परकर शिवत होता," हे म्हणाले. "तू काप."

परकराच्या कळ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना कळेल. कापडाची पट्टी तिरकी कापायची, एक तुकडा सरळ लावायचा आणि उरलेला उलटा फिरवून लावायचा. कापड वाया जात नाही. आम्ही मात्र फळीचा उरलेला तिरका तुकडा फेकायच्या हिशोबात होतो, म्हणूनच चार कमी पडत होत्या.

उलट्या तुकड्यांचा लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवायची खाच, जुळेना. भाऊजींनी त्यांची कड तासली आणि तिथे गोंद लावला. फोमचा थर टाकायच्या आधी मी सगळ्या रेघांचे फोटो काढले. मग मृणाल फोटो बघून आकडे वाचायची, मी फळी द्यायची, भाऊजी कापायचे, हे ठोकायचे. दुपारचे चार वाजले तेव्हा मागच्या भिंतीशी शेवटचा तुकडा बसला, आणि एक अख्खी फळी उरली. चौघांनी त्या फळीकडे असं बघितलं, जणू तिनंच काहीतरी जिंकून आणलंय.

रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आई खोलीच्या दारात उभ्या होत्या. ह्यांनी हात पुढे केला.

"सोड. दिसून राह्यलं मला."

त्या चालायला लागल्या. हळू, पण एकट्या. तिरक्या भिंतीजवळ थांबल्या, पायाच्या तळव्यानं फळी चाचपली.

"ही कळी उलटी लावली का?"

"हो," मी म्हटलं. टेलरच्या बायकोला ते दिसणारच, यात नवल नाही.

"मंग बराबर," म्हणाल्या, आणि तशाच एकट्या दारापर्यंत परत आल्या. भाऊजी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ टेप गुंडाळत होते.

मी सगळ्या शक्यता लिहून काढल्या. अण्णा जमिनीवर कापड बेतत असतील... पण मग रेघा नेमक्या ह्याच फळीच्या मापाच्या कशा? तेव्हा टेंभुर्णीत लॅमिनेट कुणी पाहिलेलंही नव्हतं. कार्पेट अख्खं एकच होतं, त्याला असल्या ओळींचं कामच नव्हतं. आणि गोंदाखाली खडू राहिला कसा?

आईंना विचारलं. म्हणाल्या, "घेतलं असंन त्यांनी माप. ते कधी मला इचारून माप घेत होते?"

माझ्या यादीत सव्वीस कामं होती, सगळ्यांपुढे खूण झाली. खाली सत्ताविसावी ओळ मी नंतर लिहिली: रेघा — कधी? कशासाठी? तिच्यापुढची जागा अजून रिकामी आहे. उरलेली फळी आईंच्या पलंगाखाली आहे. हे लिहितेय तेव्हा पलीकडे त्यांच्या चपलांचा आवाज येतोय, दारापासून भिंतीपर्यंत आणि परत. आजची आठवी फेरी.