वर्नेलने हॉलंडरला पाडायचं ठरवलं

वर्नेल टिसडेलच्या मनातून उतरलेला माणूस पुन्हा वर चढल्याचं आमच्या वेस्ट फिलाडेल्फियात कुणाच्या ऐकिवात नाही. कोपऱ्यावरच्या खाटकाने एकदा तिच्या पिशवीत टर्कीचे शिळे पंख घातले. त्यानंतर एकोणीस वर्षं ती पाच चौक चालत दुसऱ्या खाटकाकडे गेली, आणि पहिला वारला तेव्हा चर्चमध्ये नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली. दुःख झालं म्हणून नव्हे. पेटीचं झाकण बंद झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून. हे लोकांनी रचलेलं नाही, ती स्वतःच सांगायची.

एकतीस वर्षं ती शाळेसमोरच्या चौकात उभी राहून मुलांना रस्ता ओलांडून देत होती. त्यामुळे आमच्या भागात चाळिशीच्या आतला असा माणूस सापडणार नाही ज्याचं बखोट तिने धरलं नाही. हीच मुलं मोठी होऊन मतदार झाली आणि वर्नेल त्यांची कमिटीबाई झाली. कमिटीबाई म्हणजे चार गल्ल्यांत पक्षाचं जे काही असेल ते. दिवा लागत नाही, वर्नेलला सांगा. म्हाताऱ्या आईला मतदानाला न्यायचंय, वर्नेल गाडी पाठवेल. आणि मत कुणाला द्यायचं, तेही वर्नेलच सांगेल.

आमच्याकडे खरी लढाई मे महिन्यात होते, पक्षातल्या पक्षात. तिथे जिंकला तो जिंकला. नोव्हेंबरचं मतदान म्हणजे नुसता उपचार. महापौर कोण व्हावा यावर प्रत्येकाचं मत असतं, आणि ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून तासभर ऐकवायची तयारीही असते. पण त्याच मतदानयंत्रावर न्यायाधीशांच्या आठ जागांसाठी तीस-पस्तीस नावं असतात. ती नावं कुणाच्या बापाने ऐकलेली नसतात. लोक वर्नेलचा गुलाबी कागद घेऊन आत जातात, त्यावरची आठ नावं दाबतात आणि बाहेर येऊन तळलेल्या माशाचं सँडविच खातात. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी या नावांत एक नाव निघालं, कर्टिस हॉलंडर.

हा हॉलंडर घरमालकांचा वकील. दोन वर्षांपूर्वी त्याने वर्नेलच्या धाकट्या बहिणीला, ओडेसाला, घराबाहेर काढलं होतं. ओडेसा त्या घरात बावीस वर्षं राहत होती. न्हाणीघराचं छत कोसळलं म्हणून तिने तक्रार केली, आणि मालकाने उलट तिच्यावरच घर खाली करण्याचा दावा लावला. तारखेच्या दिवशी ती पाऊण तास आधी कोर्टात पोचली. पडलेल्या छताचे फोटो पाकिटात घालून नेले होते. कॉरिडॉरमध्ये करड्या सुटातला एक हसरा माणूस भेटला. म्हणाला, "आत फार गर्दी आहे हो. तुम्ही इथे बाकावर टेका. तुमचं नाव पुकारलं की मी सांगतो."

ओडेसा टेकली. दीड तास बसली. आत तिचं नाव केव्हाच पुकारलं गेलं होतं, आणि प्रतिवादी हजर नाहीत असं सांगून हॉलंडरने एकतर्फी निकाल घेतला होता. तो माणूस मालकाचा वकील आहे हे तिला कळलं तेव्हा तो जेवायला निघाला होता. जाताना तिच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी. तीन आठवड्यांनी तिचं शिवणयंत्र, गादी, भांडी सगळं फुटपाथवर आलं. ती वर्नेलच्या मागच्या खोलीत राहायला आली आणि चर्चच्या गायनात उभं राहणं तिने सोडून दिलं. शरम वाटते म्हणाली. शरम तिला! वर्नेलचं डोकं तेव्हा जे तापलं ते थंड झालंच नाही.

आणि आता हाच गृहस्थ त्याच कोर्टात, वरच्या खुर्चीत बसायला निघाला होता.

उमेदवारांची नावं यंत्रावर कुठे येणार हे आमच्या शहरात कॉफीच्या एका जुन्या डब्यातून क्रमांक काढून ठरतं. हॉलंडरने हात घातला आणि एकतिसावा क्रमांक काढला. शेवटचा रकाना, पार तळाला. वॉर्डाचा पुढारी क्लाइड मेब्री खूश होऊन वर्नेलकडे आला. मेब्री जाडजूड, मऊ बोलणारा आणि भांडणं मिटवण्यातच आयुष्य गेलेला.

"मिटलं बघ तुझं काम," तो म्हणाला. "एकतीस. तिथपर्यंत कुणाची नजरसुद्धा जात नाही. आपल्या कागदावर तर तो नाहीच आहे. तू काही करू नकोस."

"काही करू नकोस म्हणजे?"

"म्हणजे घरी बस. तो आपोआप बुडतोय."

"आपोआप बुडला तर त्यात माझं काय, क्लाइड? मला त्याला बुडवायचंय. माझ्या हाताने."

"वर्नेल, अगं परिणाम तोच ना?"

"तुला बहीण नाही," वर्नेल म्हणाली, आणि विषय संपला.

एप्रिलपासून ती दारोदार फिरली. गुडघे दुखत होते, तरी एक पायरी सोडली नाही. दार उघडलं की "कर्टिस हॉलंडर, हे नाव लक्षात ठेवा," इथून सुरुवात. मग सगळी कहाणी, छत, पाकीट, बाक, करडा सूट, आणि शेवटी पुन्हा, "काय नाव सांगितलं? म्हणा बघू." लोक शाळकरी पोरांसारखे म्हणत, "कर्टिस हॉलंडर." कुणाचा रस्सा उतू जात असे, कुणाचा सामना टीव्हीवर चालू असे, पण वर्नेलसमोर दार लावायची हिंमत कुणात नव्हती. कहाणी मध्येमध्ये निसटली असेल. नाव मात्र प्रत्येकाचं पाठ झालं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वर्नेल हॉलंडरचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आणायची आणि तिला छान झोप लागायची.

ओडेसा इस्त्री करता करता एकदा म्हणाली, "नेल, अशाने माझं घर परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग कशासाठी पाय झिजवतेस?"

"त्याला कुठेतरी लागलं पाहिजे. तुला नाही वाटत?"

ओडेसाने इस्त्री फिरवत ठेवली. वाटत तिलाही होतं, पण तसं बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता.

आमचं मतदान ग्रॅडी न्हाव्याच्या सलूनमध्ये असतं. त्या दिवशी खुर्च्या भिंतीला लावतात आणि आरशांसमोर दोन यंत्रं उभी राहतात. वर्नेल सकाळी सातपासून दारापासून नियमाइतक्या अंतरावर गुलाबी कागद घेऊन उभी होती. दहाच्या सुमारास ब्याऐंशी वर्षांचे मिस्टर पेटिग्रू टोपी सारखी करत बाहेर आले आणि त्यांनी तिला डोळा मारला.

"दिलं बरं का तुझ्या माणसाला."

"कोण माझा माणूस?"

"असं काय करतेस? हॉलंडर. पार तळाला होता बिचारा, पण मी काढला शोधून. चष्मा बदलून शोधला."

वर्नेलला क्षणभर वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "मिस्टर पेटिग्रू, तुमच्या दारात पाऊण तास उभी राहून मी काय सांगितलं?"

"हेच की. नाव लक्षात ठेवा म्हणालीस. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंस."

"देऊ नका म्हणून सांगितलं. त्याने माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं हो."

पेटिग्रूंचा चेहरा उतरला. "वर्नेल, अठ्ठावीस वर्षं तू नाव घेऊन येतेस आणि आम्ही ते दाबतो. देऊ नका असं सांगायला तू याआधी कधी आलीस? इतकी तळमळून बोलत होतीस, मला वाटलं नात्यातला असेल."

तिने पुढच्याला विचारलं. त्यानेही दिलं होतं. त्याच्या पुढच्या बाईने दिलं नव्हतं, पण तिच्या नवऱ्याने दिलं होतं, आठपैकी सात नावं कागदावरची आणि आठवं "तुमचं ते खास." वर्नेल आत जाणाऱ्यांना अडवून सांगू लागली, हॉलंडर नको, हॉलंडर नको. ज्यांनी आजवर नाव ऐकलं नव्हतं त्यांच्याही कानावर ते दारातच पडलं. दुपारी बाराला तिच्या ध्यानात आलं की आपण जितकं बोलतोय तितकं त्याचं भलं होतंय. जन्मात पहिल्यांदाच तिने तोंड मिटलं आणि संध्याकाळी आठपर्यंत मुकाट कागद वाटले. तिची तब्येत बिघडली असं समजून दोघातिघांनी तिला पाणी आणून दिलं.

यंत्र बंद झाल्यावर आकड्यांची लांब पट्टी दारावर चिकटवतात. आमच्या केंद्रात दोनशे नऊ माणसं आली होती. हॉलंडरला एकाहत्तर मतं. सबंध वॉर्डात त्याला इतकी कुठेच नव्हती. आणि शुक्रवारी शहराची मोजणी पुरी झाली तेव्हा तो आठवा आला होता, आठ जागांतला आठवा, नवव्याच्या पुढे चव्वेचाळीस मतांनी.

मेब्रीने फोन करून तिला आकडा सांगितला. "मी घरी बस म्हणालो होतो," असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा. वर्नेलने फोन ठेवला, मागच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच बहिणीला सांगितलं, "मी त्याला निवडून दिलं." ओडेसाने इस्त्रीची वायर काढली. मग दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. वर्नेल रडली. दुःखाने कमी, संतापाने जास्त. आणि संताप आता कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं, कारण सगळ्यांत जास्त तो स्वतःवर होता.

पुढच्या रविवारी हॉलंडर स्वतः आला. हातात फळांची करंडी. दार ओडेसाने उघडलं.

"मिसेस टिसडेल ना? तुमचे आभार कसे मानू," असं म्हणत त्याने तिचा हात हातात घेतला. ओडेसाने तो काढून घेतला नाही. नुसती बघत राहिली. तोवर वर्नेल पुढे आली.

"टिसडेल मी. ही माझी बहीण. ओळखलंत हिला?"

हॉलंडरने ओडेसाकडे नीट पाहिलं. हसू तसंच होतं. "चर्चमध्ये भेटलो होतो का आपण?"

"कोर्टात. बाहेर बाकावर बसवलं होतंत."

तो आठवू लागला. खरोखर आठवू लागला आणि त्याला आठवलं नाही. त्याने न ओळखल्याचं सोंग केलं असतं तर वर्नेलला बरं वाटलं असतं. पण इतक्या बायका त्याने इतक्या बाकांवर बसवल्या होत्या की त्यांतली एक वेगळी काढता येत नव्हती.

"मी रोज खूप लोकांना भेटतो," तो म्हणाला. "काही गैरसमज झाला असेल तर..."

"खुर्चीत कधीपासून बसणार?"

"जानेवारीत. दर मंगळवारी भाड्याचे खटले असतील माझ्याकडे."

"मग मी मंगळवारी येत जाईन," वर्नेल म्हणाली आणि दार लावलं. करंडी ती तशीच कचऱ्यात टाकणार होती. ओडेसाने नाशपाती काढून घेतल्या. नाशपातींनी काय वाकडं केलंय म्हणाली.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी वर्नेल पहिल्या बाकावर जाऊन बसली. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. ती बोलली नाही, खोकली नाही, मांडीवर पर्स ठेवून सकाळभर त्याच्याकडे बघत राहिली. पुढच्या मंगळवारी तेच. बर्फ पडला त्या मंगळवारीही. शिपायाने तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "आजी, तुमचा खटला कुठला?" ती म्हणाली, "हा वर बसलाय तो." शिपाई पुन्हा विचारायला आला नाही. हॉलंडर तिच्याकडे बघायचं टाळायचा, म्हणून कागदात बघायचा, म्हणून अडखळायचा. वर्नेलला त्याचं प्रत्येक अडखळणं गोड लागत होतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी एक नाव पुकारलं गेलं आणि कुणी उठलं नाही. घरमालकाचा वकील सराईतपणे म्हणाला, "प्रतिवादी हजर नाहीत, एकतर्फी निकाल द्यावा." हॉलंडरने लेखणी उचलली. तिचं टोपण काढलं. मग त्याची नजर पहिल्या बाकावर गेली आणि तिथेच थांबली. वर्नेलने पापणी लववली नाही.

"बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणी बघितलंय का?" हॉलंडर म्हणाला.

वकील गोंधळला. शिपाई बाहेर गेला आणि एका तरुण बाईला घेऊन आला. तिच्या कडेवर मूल होतं. ती घाबरून सांगत होती की तिला तिथेच थांबायला सांगितलं होतं.

वर्नेल घरी आली ती बूटही न काढता स्वयंपाकघरात बसली. ओडेसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईचं घर राहिलं?"

"राहिलं. तारीख पुढची दिली. पण मी काय सांगतेय ते ऐक ना. मेला न्यायाने वागायला लागलाय. सहा वर्षांनी लोकांना विचारतील, याला ठेवायचा की काढायचा. असाच वागला तर मी कुठल्या तोंडाने काढा म्हणू?"

"म्हणू नकोस."

"आणि तुझं घर?"

ओडेसा शेगडीकडे वळली. तिने बशीत मक्याचे लापशीसारखे ग्रिट्स वाढले, वर लोणी घातलं आणि वर्नेलच्या पुढे सरकवले. वर्नेल रागारागाने जेवली. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने पुढच्या मंगळवारवर खूण केली, आणि विचार करून ओडेसाला म्हणाली, "या खेपेला तू पण चल. दोघी बघू त्याच्याकडे."

ओडेसाने बशी विसळली, हात पुसले, आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"